लष्करी ट्रक विकत घेतलाय? आता तो चालवत घरी कसा आणायचा

लष्कराने काढून टाकलेला ट्रक घेणाऱ्याची नजर आधी किलोमीटरच्या आकड्यावर जाते. आकडा लहान दिसला की माणूस खूश. मला उलट धास्ती वाटते. तीस वर्षांत जेमतेम पळालेला ट्रक म्हणजे तीस वर्षं उन्हापावसात उभा राहिलेला ट्रक. पळून गाडी झिजते, पण उभी राहून ती जास्त बिघडते. लोखंडाला फारसं काही होत नाही. वाट लागते ती रबराची: टायर, ब्रेकचे होज, सील, पट्टे. म्हणून चार-पाचशे किलोमीटर चालवत आणायचा असेल, तर ताबा घेतल्यावर एक अख्खा दिवस यार्डातच घालवायचा, हे ठरवूनच घरून निघा. सकाळी किल्ली घेतली आणि दुपारी हायवेला लागलो, असं होत नाही. (तसं म्हटलं तर बऱ्याच लष्करी ट्रकांना किल्ली नसतेच, नुसता स्विच असतो. मुक्कामाला स्टिअरिंगवर घालायला साखळी आणि कुलूप सोबत ठेवा.)

मी उदाहरणं अमेरिकी एम-३५ए२ ची देतोय, कारण हा सहाचाकी ओढीचा अडीच टनी ट्रक लिलावात भरपूर निघाला आणि मी त्यावरच जास्त काम केलंय. दुसऱ्या बनावटीचा ट्रक असेल तर त्याचं मॅन्युअल पाहा. तपासायच्या गोष्टी बहुतेक त्याच निघतील.

कागदांचं थोडक्यात सांगतो. विक्रीचा कागद, विमा आणि तात्पुरत्या नोंदणीचं त्या-त्या ठिकाणी जे काही लागतं ते, हे सगळं ट्रकला हात लावायच्या आधी हातात हवं. चेसिस नंबर कागदावरून वाचून नव्हे, प्लेटवरून वाचून जुळवा.

मग टायर. खोबणी खोल आहे म्हणून भुलू नका. टायरच्या बाजूवर डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा. १७०९ असेल तर टायर २००९ सालच्या १७व्या आठवड्यातला. तीनच आकडे असतील तर तो २००० च्या आधीचा, आणि पुढच्या चाकांवर असला टायर मी कोणालाही चालवू देत नाही. मागे जोडचाकं असल्याने एक फुटला तरी सावरता येतं. पुढचा फुटला तर पॉवर नसलेलं स्टिअरिंग हातातून हिसकून घेतं. पैसे कमी असतील तर निदान पुढचे दोन नवे टाकून निघा. रिंगवर लॉकरिंग (टायर जागेवर धरून ठेवणारं सुटं लोखंडी कडं) असेल तर हवा भरताना समोर उभं राहायचं नाही. लांब पाइप, टोकाला पकडून बसणारी क्लिप, आणि आपण बाजूला. चाकाचे नट आवळताना आणखी एक गोष्ट: एम-३५ च्या डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात. हे माहीत नसलेला गडी पान्याला नळी लावून जोर करतो आणि बोल्टच तोडून ठेवतो.

आता ब्रेक. इथे घाई नको. एम-३५ए२ चा ब्रेक हायड्रॉलिक आहे आणि त्याला हवेची मदत आहे. सर्किट एकच. म्हणजे सहा चाकांपैकी एका चाकाचा होज फुटला की पेडल तळाला जातं आणि सहाही चाकं मोकळी. त्यामुळे प्रत्येक होज वाकवून बघायचा. वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर तो बदलायचा, चर्चा नाही. मास्टर सिलिंडरचं झाकण उघडून ऑइल बघा, पण नुसतं कमी दिसलं म्हणून दुकानातली बाटली ओतू नका. लष्कराच्या पुष्कळ गाड्यांत डीओटी ५, म्हणजे सिलिकॉनचं ब्रेक ऑइल असतं. डीओटी ३, ४ आणि ५.१ ही वेगळ्या जातीची, ग्लायकॉलची. ती सिलिकॉनमध्ये मिसळायची नाहीत. सिलिकॉनचं ऑइल नवं असताना जांभळं असतं, पण रंग कालांतराने उडतो, त्यामुळे रंगावर भरवसा ठेवू नका. काचेच्या छोट्या बाटलीत थोडं पाणी घ्या, त्यात ड्रॉपरने थोडं ऑइल सोडा आणि हलवा. पाण्यात विरघळून गेलं तर ग्लायकॉल. मिनिटभरात वर वेगळा थर होऊन बसलं तर सिलिकॉन. जे निघेल तेच दोन डबे सोबत घ्या.

हँडब्रेक चाकांवर लागत नाही, तो ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलना वाटून देणाऱ्या पेटीच्या) मागच्या शाफ्टवर लागतो. उभ्या गाडीसाठीच तो आहे. पळत्या गाडीत ओढला तर शाफ्ट आणि गिअर दोन्हींची वाट लागेल. हवेचा काटा ९० पीएसआयच्या वर गेल्याशिवाय गाडी हलवायची नाही. काटा ६० च्या आसपास उतरला की बझर वाजतो. बझर वाजला की बाजूला घेऊन उभं राहायचं.

इंजिन ऑइलची काडी ओढून नुसती पातळी पाहू नका, वास घ्या. डिझेलचा वास आला आणि पातळी खुणेच्या वर असली तर पंपाच्या सीलमधून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. तसं इंजिन पळवलं तर बेअरिंगं जातील. ॲक्सलचे ड्रेन बोल्ट अर्धा आटा सैल करा. आधी पाणी आलं तर तो ट्रक कधीतरी ओढ्यातून नेलाय किंवा पावसात मुरलाय. ऑइल बदलायचं.

डिझेलच्या टाकीचा ड्रेन उघडून तळचा गाळ आणि पाणी काढा. तरी सगळं निघत नाही. उभ्या गाडीत तळाशी बसलेला गाळ रस्त्याच्या हादऱ्यांनी ढवळतो आणि पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये फिल्टरमध्ये येतो. चढावर ट्रक दम टाकायला लागला, सपाटीवर परत ठीक वाटला, की फिल्टर तुंबलाय असं समजा. फिल्टरचे दोन संच, वायसर, बादली आणि चिंध्या हाताशी ठेवा. बदलल्यावर लाइनमधली हवा काढायची कशी, हे यार्डातच एकदा करून बघा. रात्री कडेला टॉर्च तोंडात धरून शिकायची ती गोष्ट नाही.

करंट २४ व्होल्टचा, १२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. फोन चार्ज करायला एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढू नका, एक बॅटरी उपाशी राहते आणि दुसरी उतू जाते. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावा. दिव्यांच्या स्विचला तीन दांड्या असतात. लॉकची दांडी उचलून धरल्याशिवाय मुख्य दांडी नेहमीच्या दिव्यांवर जात नाही. ती बंदवर राहिली, तर दिवसासुद्धा ब्रेकलाइट लागत नाहीत आणि मागच्याला कळत नाही की तुम्ही थांबताय. आणि हो, नुसता स्विच बंद केला म्हणून इंजिन थांबत नाही. थांबवायला डॅशवर वेगळा दोरा असतो. तो ओढून इंजिन खरंच बंद होतंय ना, हे निघायच्या आधी बघा.

पहाटे निघा. डॅशवरच्या प्लेटवर प्रत्येक गिअरचा जास्तीत जास्त वेग लिहिलेला असतो, तो वाचून घ्या. ट्रक ९० पर्यंत जातो, पण ७० वर ठेवला तर इंजिनही सुखी आणि तुम्हीही. कानात बोळे हवेतच, केबिनमध्ये बोललेलं ऐकू येत नाही. पुढचा ॲक्सल डांबरी रस्त्यावर लावायचा नाही, आणि ट्रान्सफर केस हायमध्येच ठेवायची. उताराच्या तोंडाशीच, वेग वाढायच्या आधी, खालचा गिअर टाका. चढताना जो लागला असता तोच किंवा त्याहून एक खालचा. न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्याच्या ट्रकमध्ये मी बसत नाही.

मागे एक साधी गाडी हवी. आमच्याकडे ते काम बायको करते, वॉकीटॉकी घेऊन. मला आरशात न दिसलेलं तिला आधी दिसतं: "अहो, डावं मागचं चाक नाचतंय, बाजूला घ्या." यावर "काही नाही, चाल तू" असं उत्तर द्यायचं नाही, हा आमच्यातला करार आहे.

पहिला थांबा पंधरा-वीस किलोमीटरवर, मग पन्नासवर, मग दर तासा-दीड तासाने. प्रत्येक थांब्याला हबवर हाताची मागची बाजू टेकवा. सगळे हब सारखेच गरम लागले तर ठीक. एकच चटका देत असेल तर तिथे ब्रेक चिकटलाय किंवा बेअरिंग गेलंय. नुसता ब्रेक चिकटला असेल तर ॲडजस्टर सैल करून पुढे जाता येतं. हब हलवून खडखडत असेल तर प्रवास तिथेच संपला. पहिल्या थांब्याला नट पुन्हा आवळा, रंगाखाली बसलेले नट हमखास सैल होतात.

लोबेड ट्रेलरवाल्याचा (बंद गाड्या लादून नेणाऱ्या बुटक्या ट्रेलरवाल्याचा) नंबर खिशात ठेवा आणि भाडं आधीच बोलून ठेवा. नाहीतर रस्त्यावर अडकलात की "आणखी थोडं जाऊन बघू" हाच निर्णय होतो. माझा नियम असा: एकच बिघाड दोनदा आला, किंवा ब्रेकच्या पेडलमध्ये काहीही फरक जाणवला, की फोन लावायचा.

पोचल्यावर इंजिन चार-पाच मिनिटं स्लो चालू द्या, टर्बो असेल तर नक्कीच, आणि मग दोरा ओढा. एअर टँकचे कॉक उघडून पाणी सोडा, चाकांना ठोकळे लावा. दुसऱ्या दिवशी सहाही ड्रम उतरवून लाइनर आणि व्हील सिलिंडर बघा, आणि जुने फिल्टर कापून आत काय साचलंय ते पाहा. टाकी उतरवून धुवायची की नाही, ते त्यावरून ठरेल.