गंगाबलला ट्राऊट गरवायला जायचंय? मग असं जा

काश्मीर ग्रेट लेक्सचा ट्रेक (डोंगरातल्या तळ्यांवरून जाणारी वाट, गंगाबल त्यातलंच एक तळं) आता पुण्या-मुंबईची बरीच मंडळी करून आलीयेत, मी पण केलाय, आणि पहिल्यांदा गेलो तेव्हा बॅगेत रॉड असूनही एकसुद्धा मासा लागला नाही कारण रोज तंबू उठवायचा, खिंड चढायची, तळ्यावर पोचायचं, फोटो काढायचे की दुसऱ्या दिवशी परत चालू. ट्राऊट हा थंड पाण्यातला मासा असा जाता जाता मिळत नाही. म्हणून सगळ्यात आधी हे ठरवा की तळी मोजायची आहेत की मासा धरायचाय. मासा धरायचा असेल तर एकच तळं निवडा आणि तिथे निदान दोन रात्री ठोकून बसा.

माझ्या मते पहिल्या वेळेसाठी गंगाबल आणि त्याच्या खालचं नुंदकोल. सोनमर्गहून विशनसर, गडसर ही तळी करत आठवडाभर चालून यायची गरज नाही, नारानाग गावातून थेट वर चढता येतं, आणि दोन तळी शेजारी-शेजारी, मध्ये एक वाहता ओढा. वर ५,१४२ मीटरचा हरमुख डोंगर उभा. एवढं सगळं एका ठिकाणी आहे.

कधी जायचं: जुलै ते सप्टेंबरचा मध्य. त्याआधी वर बर्फ असतो आणि तळ्यावरही असू शकतो. काश्मीरमध्ये ट्राऊट धरायचा सीझन एप्रिल ते सप्टेंबर असतो, ऑक्टोबरपासून पुढे माशांचा अंडी घालायचा काळ, तेव्हा हात लावायचा नाही. भाद्रपदात काश्मिरी पंडितांची गंगाबलची यात्रा असते, त्यांच्यासाठी हे तळं गंगेसारखं आहे, अस्थी इथे विसर्जित करायची परंपरा आहे. यात्रेचे दिवस आधी विचारून घ्या आणि ते टाळा. लोक स्नान करत असताना शेजारी गळ टाकून उभं राहणं बरोबर नाही.

परमिट: हे श्रीनगरमध्येच उरकायचं. जम्मू-काश्मीरच्या मत्स्य विभागाच्या ऑफिसात जा, आधारकार्ड न्या, कुठल्या पाण्यावर आणि कुठल्या तारखांना ते नीट लिहून घ्या. परमिटवर किती मासे ठेवायचे, कुठलं आमिष चालतं ते असतं, ते तिथेच उभं राहून वाचा आणि शंका असेल तर साहेबांना विचारा. फक्त फ्लाय (गळावर पिसं-दोरा बांधून केलेली नकली माशी) चालेल असं सांगितलं तर फक्त फ्लायच न्या. गांडूळ, कणीक वगैरे आपल्याकडचं आमिष घरीच ठेवा. ट्राऊट मूळचा इथला नाही, १९०० च्या सुमारास इंग्रजांच्या काळात स्कॉटलंडहून अंडी आणून तो इथे वाढवला, आणि तेव्हापासून जपलेला आहे म्हणून हे नियम.

आणखी एक, महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि नारानागच्या वर तेही धरून चालू नका. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की चार दिवस फोन लागणार नाही.

सामान: कोकणात गरवणाऱ्यांना सांगतो, तिकडचा जाड दोर आणि मोठी गरी इथे काही कामाची नाही. पाणी काचेसारखं असतं, मासा दोर बघतो. साडेसहा-सात फुटी हलका रॉड, चार तुकड्यांत मोडणारा असला तर उत्तम, छोटं स्पिनिंग रीळ, चार ते सहा पौंडाची नायलॉन. तीन ते पाच ग्रॅमचे स्पिनर, म्हणजे ओढताना गरगर फिरणारं धातूचं नकली आमिष, सोनेरी आणि तांब्याच्या रंगाचे, सहा-सात तरी न्या कारण खडकात अडकून जातातच. आणि एक वस्तू जिचं नाव फार कोणी घेत नाही, पाणी भरता येणारा पारदर्शक बबल फ्लोट, म्हणजे फेकायला वजन देणारा तरंगता गोळा. फ्लाय रॉड नसला तरी या फ्लोटच्या मागे पाच-सहा फूट बारीक नायलॉन आणि टोकाला १४ नंबरची फ्लाय बांधली की साध्या रॉडने लांब फेकता येते. मला गंगाबलमध्ये स्पिनरपेक्षा यानेच जास्त मासे लागलेत. पोलराइज्ड चष्मा घ्या, त्याशिवाय पाण्यातलं काही दिसत नाही. गळाच्या टोकाजवळचे उलटे काटे पक्कडने आधीच दाबून टाका म्हणजे मासा सोडताना फाटत नाही. विमानात गळ केबिन बॅगेत ठेवू नका, काढून घेतात.

चढाई: श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आहे, नारानाग साधारण २,१०० वर आणि गंगाबल साडेतीन हजाराच्या वर. म्हणजे एका दमात चौदाशे मीटर. धावतपळत एका दिवसात जाणारे आहेत पण मी सांगेन एक रात्र नारानागला काढा, तिथली जुनी दगडी देवळं बघा, दुसऱ्या दिवशी पहाटे निघा, देवदाराच्या जंगलातून पहिले तीन-चार तास चढ अंगावर येतो, मग झाडं संपतात आणि कुरण लागतं. ट्रुंकोलच्या कुरणात गुज्जर गुराख्यांचे ढोक, म्हणजे उन्हाळी झोपड्या आहेत, तिथे दुसरी रात्र. नून चाय (मिठाचा चहा) देतील, नाही म्हणू नका. तिसऱ्या दिवशी वर तळ्यावर आरामात पोचता. डोकं दुखायला लागलं, उलटी आली, तर वर जायचं नाही, खाली उतरायचं, मासा पुढच्या वर्षी पण असतो. घोडेवाला नारानागलाच ठरवा आणि दिवस मोजताना तळ्यावरच्या मुक्कामाचे पैसेही बोलून घ्या, नाहीतर वर वाद होतो.

आता मासा. तळ्यावर पोचल्या पोचल्या रॉड काढू नका. दहा मिनिटं काठापासून लांब बसून नुसतं बघा. पाण्यावर गोल वलयं कुठे उठतायत, वारा कुठून येतोय. दुपारनंतर वारा सुटतो आणि किडे समोरच्या काठाला ढकलले जातात, मासे तिकडे येतात. सगळ्यात चांगल्या जागा म्हणजे ओढा तळ्यात शिरतो ती आणि बाहेर पडतो ती, आणि जिथे उथळ हिरवं पाणी एकदम काळं होतं ती कड. गंगाबलमधून नुंदकोलला जाणारा ओढा जिथे नुंदकोलमध्ये पडतो तिथे मी संध्याकाळी तासन्‌तास काढलेत.

सूर्य पाठीशी असेल तर तुमची सावली पाण्यावर पडते आणि सगळं संपतं. वाका, गुडघ्यावर बसा, मोठ्या धोंड्याच्या मागून फेका. पहाटे उजाडल्यावर दोन तास आणि संध्याकाळी ऊन हरमुखच्या मागे गेल्यावर, हीच वेळ, भर दुपारी झोपा काढा. स्पिनर काठाला समांतर फेका, बुडू द्या, सावकाश ओढा, मध्येच एक क्षण थांबा. एकदा एक चांगला हातभर ट्राऊट स्पिनरच्या मागे मागे अगदी माझ्या बुटापर्यंत आला, नाक लावलं आणि वळून गेला, मी गडबडीत रॉड उचलला म्हणून. मागे येतोय असं दिसलं तर हात थांबवू नका आणि घाईही करू नका, तोच वेग ठेवा. फ्लोट असेल तर तो नुसता पडून राहू द्या, वारा नेईल तसा.

लागला की रॉड वर, दोर ताणलेला, पण ओढाताण नाही. बारीक दोर आहे, तो धावेल तेवढा धावू द्या. हात आधी पाण्यात ओले करून मगच धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. सोनेरी-तपकिरी अंग, काळे ठिपके आणि मधेच लाल ठिपके, प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडं, हे जवळून बघितलं की पोटात काहीतरी हलतं. वर्षातले बरेच महिने हे तळं बर्फाखाली असतं, मासा फार हळू वाढतो, म्हणून मोठा लागला तर तो सोडा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. जेवणासाठी मधल्या आकाराचे एक-दोन पुरे, तेही परमिटात बसत असतील तर. सोडताना पाण्यातच धरून ठेवा, कल्ले नीट हलायला लागले की तो स्वतःच निसटतो.

ढग गडगडायला लागले तर रॉड खाली ठेवा आणि लांब जा, कार्बनचा रॉड म्हणजे हातात धरलेली वीजवाहक काठीच. पाण्यात उतरू नका, कंबरभर गेलात तरी पाय बधिर होतात.

खायचा असेल तर माशाचं पोट तळ्यात साफ करू नका, घाण लांब नेऊन खड्ड्यात पुरा, अस्वलं असतात, तंबूजवळ वास नको. मीठ, हळद, थोडं तिखट आणि तव्यावर तेल, बास. मसाल्यात बुडवला तर त्याची चव जाते. आणि गुंता झालेली, तुटलेली नायलॉन खिशात घालून खाली आणा, त्या कुरणात मेंढ्या चरतात, त्यांच्या खुरात ती अडकलेली मी माझ्या चाकूने कापून काढलीये.