नेटच्या केबलला नवा जॅक लावण्याआधी

बेळगावच्या खानापूर-जांबोटीकडे जून लागला की नेटच्या केबलींची रड सुरू होते. वळचणीचं पाणी तारेवरून ओघळत जॅकमध्ये शिरतं, माळ्यावर उंदीर कुरतडतात, कौलांवरून उड्या मारणारी वानरं तार ओढतात. निपाणी-चिकोडीकडे पाऊस कमी, तिथे उन्हानं तडकलेली करडी केबल जास्त दिसते. कारण कुठलंही असो, शिडी लावण्याआधी सगळं हाताशी हवं, कारण चुकीची कापलेली केबल परत लांब होत नाही.

पहिल्यांदा तार ओळखा. टोकाला हिरवा किंवा निळा चौकोनी कनेक्टर असलेली बारीक तार म्हणजे फायबर. आत काच असते, ती जॅक दाबायच्या टूलनं (क्रिंपरनं) जोडता येत नाही, नेटवाल्याला बोलवा. राउटरपासून कॉम्प्युटरकडे, कॅमेऱ्याकडे किंवा वरच्या मजल्यावर गेलेली, आत दोन-दोनच्या पिळात आठ रंगीत तारा असलेली केबल असेल तरच पुढचं सामान काढा.

आता बिघाड टोकालाच आहे ना, ते बघा. जॅकची क्लिप मोडून तो पोर्टमध्ये सैल बसत असेल तर बिघाड टोकालाच, प्रश्नच नाही. नेट चालू आहे पण वेग १०० एमबीपीएसवर अडकलाय, तर बहुतेक निळी किंवा चॉकलेटी जोडी तुटलेली असते. १०० ला जॅकमधल्या १, २, ३ आणि ६ नंबरच्या तारा पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) आठही लागतात. तार मधेच कुरतडलेली असेल तर नुसतं टोक बदलून उपयोग नाही. पीळ घालून टेप गुंडाळण्यापेक्षा दोन्ही तुकड्यांना जॅक लावून मधे कपलर (दोन जॅक जोडणारी डबी) घाला, आणि तो झाकणाच्या डबीत ठेवा.

सामानात आरजे-४५ चं, म्हणजे या नेटच्या जॅकचं, क्रिंपिंग टूल, आठही तारा दिव्यांनी तपासणारा केबल टेस्टर, ब्लेड, कात्री आणि टॉर्च. टॉर्च यासाठी, की आपल्याकडे पावसाळ्यात करंट कधी जाईल याचा नेम नाही. एका टोकाला जॅक एकच लागतो, पण पाच घ्या. नवख्या हाताचे दोन-तीन वाया जातातच. जॅक केबलच्या प्रकाराला (कॅट ५ई, कॅट ६) जुळणारा हवा: कॅट ६ च्या तारा कॅट ५ई पेक्षा जाड असतात, त्या ५ई च्या जॅकमध्ये अडकतात. पास-थ्रू जॅक आणलात, म्हणजे ज्यातून तारा पुढे आरपार बाहेर येतात, तर पुढची टोकं छाटणारं टूलच लागतं. साध्या टूलनं ती तशीच राहतात. तार ब्लेडनं खरवडून बघा. आत पांढरी चमक दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. दोनदा वाकवली की तुटते, ओलीत लवकर सडते. अशा तारेवर कष्ट करण्यापेक्षा नवी केबल ओढलेली बरी.

कापण्याआधी दुसऱ्या टोकाच्या जॅकमधले रंग बघून घ्या. क्लिप खाली, पितळी पट्ट्या वर आणि केबल आपल्याकडे धरली की डावीकडून बहुतेक ठिकाणी असा क्रम असतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी. याला टी-५६८बी म्हणतात. हिरवी जोडी पहिली असेल तर तो ए. जो तिथे आहे तोच इथे. हिरव्याच्या दोन तारा शेजारी-शेजारी लावायचा मोह होतो, कारण तसं दिसायला सरळ वाटतं. दोन्ही टोकांना तशीच चूक केली तर साध्या टेस्टरचे आठही दिवे ओळीनं लागतात, पण ३ आणि ६ नंबरला एकाच पिळातली जोडी न राहिल्यामुळे नेट रखडतं, आणि मग राउटरला शिव्या बसतात.

कॅमेऱ्याची केबल असेल तर तिच्यातून बऱ्याचदा वीजही जाते. स्विच किंवा अडॅप्टर बंद केल्याशिवाय ब्लेड लावू नका, टेस्टर तर मुळीच नको, तो जळतो.

तांबं काळं किंवा हिरवट दिसलं तर पाणी आत गेलंय. लख्ख तांबं लागेपर्यंत मागे कापत जा, म्हणून टोकाला हातभर तार शिल्लक आहे का ते आधीच मोजा. जॅकवर रबरी टोपी घालायची असेल तर ती आत्ताच तारेत ओवा. जॅक दाबल्यावर ती जात नाही, आणि ही चूक जवळपास सगळेच करतात. वरचं आवरण तीनेक सेंटिमीटर सोला, तारा सरळ करून क्रमानं लावा आणि सगळ्या एकदम छाटून १२-१३ मिलिमीटर ठेवा. त्याहून जास्त पीळ सोडू नये. एकेक तार सोलायची नाही. वायरिंगची सवय असलेले हमखास सोलतात, पण जॅकच्या पट्ट्या प्लॅस्टिक भेदून आपोआप तांब्याला भिडतात.

तारा आत सारल्यावर जॅकच्या तोंडाकडून आठ तांबडे ठिपके दिसले पाहिजेत आणि बाहेरचं आवरण जॅकच्या आत आलेलं पाहिजे. मागची खुंटी त्या आवरणावर दाबली जाते; ती नुसत्या बारीक तारांवर बसली की ओढ लागून आठवड्यात जॅक निसटतो. टूल पूर्ण दाबा, त्याचं रॅचेट (अडकून धरणारी दातेरी खाच) स्वतः सुटेपर्यंत. मग टेस्टर लावा. एक दिवा लागला नाही तर आणखी एकदा घट्ट दाबून बघा, तरी नाही लागला तर कापून नवा जॅक.

बाहेरून येणारी तार भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर घ्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाईल, जॅकपर्यंत पोचणार नाही.