हायस्कूलचं इंग्लिश: मुलांना घेऊन नव्याने अमेरिकेत आलेल्या आईबाबांसाठी

नववी-दहावीतलं मूल घेऊन तुम्ही पुण्याहून, नाशिकहून नाहीतर सोलापूरहून इकडे न्यू जर्सीत आला असाल, तर पहिल्या दोन महिन्यांत एक धक्का बसण्याची तयारी ठेवा. तिकडे इंग्लिशमध्ये नव्वदच्या पुढे मार्क घेणारं मूल इथे निबंधावर 'सी' घेऊन घरी येतं. माझी मोठी मुलगी अशीच आली होती, आणि त्या रात्री ती जेवली नाही. मुलाचं इंग्लिश कच्चं आहे असं लगेच मानू नका. इथे निबंध म्हणजे काय हेच वेगळं आहे.

त्याआधी प्रवेशाचं एक सांगते. शाळेच्या फॉर्मवर घरी कोणती भाषा बोलता ते विचारतात. बिनधास्त 'मराठी' लिहा. मग मुलाची इंग्लिशची चाचणी होऊ शकते. काही जणांना तो अपमान वाटतो म्हणून ते 'इंग्लिश' लिहून मोकळे होतात. तसं करू नका. गरज असेल तर जादा मदत मिळते, नसेल तर मूल नेहमीच्या वर्गात बसतं.

आता निबंध. आपल्याकडे सुरुवातीला सुविचार, मधे चार मुद्दे, शेवटी 'म्हणूनच म्हणतात की' असं लिहिलं की छान. इथे पहिल्याच परिच्छेदात थीसिस लागतो, म्हणजे तुमचं म्हणणं एका वाक्यात. आणि ते असं हवं की समोरच्याला 'मला नाही पटत' म्हणता आलं पाहिजे. 'प्रदूषण वाईट आहे' हा थीसिस नव्हे. त्यानंतर पुरावा, आणि पुराव्यानंतर कॉमेंटरी. आपली मुलं अडतात ती या कॉमेंटरीत.

मुलीला हे समजावताना मला कीर्तन आठवलं. बुवा अभंगाचा चरण म्हणतात, तो पुरावा. पण नुसता चरण म्हणून बुवा खाली बसत नाहीत. तुकोबांनी हाच शब्द का घातला, दुसरा का नाही, यावर अर्धा तास बोलतात. ते निरूपण म्हणजेच कॉमेंटरी. माझ्या मुलीच्या वहीत चरण भरपूर होते, निरूपण नव्हतं. बाईंनी समासात तीन ठिकाणी लाल पेनाने लिहिलं होतं, 'सो व्हॉट?' मग त्याचं काय?

निबंध होता अमेरिकेच्या यादवी युद्धात अध्यक्ष लिंकनने केलेल्या गेटिसबर्गच्या भाषणावर, नोव्हेंबर १८६३. जेमतेम पावणेतीनशे शब्द. मुलीने लिहिलं होतं, 'लिंकनने जुनी भाषा वापरून भाषण प्रभावी केलं आहे.' मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात पहिलं वाक्य घेऊन बसलो. 'फोर स्कोअर अँड सेव्हन इयर्स.' स्कोअर म्हणजे वीस. माझी आजी नारळ मोजायची तसं, चार विसा आणि सात. सरळ सत्त्याऐंशी का नाही म्हणाला? बायबलच्या जुन्या इंग्लिश भाषांतरात माणसाचं आयुष्य असंच विसांत मोजलंय, त्यामुळे ऐकणाऱ्याला पहिल्याच शब्दांत प्रार्थनेला बसल्यासारखं वाटणार. पुढे वजाबाकी केली. १८६३ मधून ८७ गेले, १७७६. म्हणजे देशाचा जन्म त्याने १७८७ मध्ये लिहिलेल्या, गुलामगिरी चालवून घेणाऱ्या राज्यघटनेपासून धरला नाही. 'सगळी माणसं समान' म्हणणाऱ्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापासून धरला. यादवी युद्ध कशासाठी चाललंय ते त्याने नुसत्या आकड्यात सांगून टाकलं! मुलगी उठून उभीच राहिली. रेटरिक, म्हणजे शब्दांनी समोरच्याला पटवण्याची कला, ती ही. इथोस (बोलणाऱ्यावरचा विश्वास), पेथोस (भावना), लोगोस (तर्क) ही पटवण्याच्या तीन मार्गांना ॲरिस्टॉटलने दिलेली नावं पाठ असावीत, पण नावं ओळखण्याला फारसे गुण नाहीत. बोलणाऱ्याने हे का केलं, ऐकणाऱ्यावर काय झालं, ते लिहावं लागतं. ज्या मुलांनी वक्तृत्व स्पर्धा केल्यात त्यांना हे आतून माहीत असतं, फक्त तसं सांगावं लागतं.

व्याकरणात 'व्हॉइस बदला'सारखे प्रश्न इथे जवळजवळ नसतात. आपल्या मुलांच्या चुका ठरावीक असतात. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून 'द' कुठे गळतो, कुठे उगाच येतो. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'डिस्कस अबाउट' ही तिकडची सवय. पण सगळ्यात महाग पडतो तो कॉमा. 'पाऊस आला, आम्ही घरी गेलो' हे मराठीत चालतं. इंग्लिशमध्ये दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडली की चूक. तिथे पूर्णविराम, सेमिकोलन, नाहीतर कॉमासोबत 'अँड'-'सो'सारखा शब्द हवा. एसएटीत, म्हणजे कॉलेजप्रवेशासाठीच्या परीक्षेत, हे हमखास विचारतात. आणि 'कलर'मधला 'यू' सोडायला सांगा.

एक गोष्ट मात्र अगदी पहिल्या आठवड्यात मुलाला समोर बसवून सांगा. गाइडमधलं उत्तर पाठ करून लिहिणं तिकडे अभ्यास असतो, इथे ती चोरी ठरते. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने इंटरनेटवरची चार वाक्यं अवतरणचिन्हांशिवाय घातली. शून्य मिळालं आणि आईवडिलांना शाळेत बोलावणं आलं. पोराला आपलं काय चुकलं हेच कळत नव्हतं. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर अवतरणचिन्हं, कंसात लेखकाचं आडनाव आणि पान क्रमांक. दुसऱ्याचा विचार स्वतःच्या शब्दांत मांडला तरी नाव द्यावंच लागतं.

पुढे अकरावीत बरीच मुलं 'एपी लँग्वेज' घेतात, म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचा इंग्लिशचा कोर्स. परीक्षा मे महिन्यात, ४५ पर्यायी प्रश्न एका तासात आणि तीन निबंध सव्वादोन तासांत. प्रत्येक निबंध सहा गुणांचा, आणि त्यातले चार पुरावा आणि निरूपणाला. शेजारच्यांचा मुलगा घेतोय म्हणून घालू नका. आधीच्या वर्षी इंग्लिशच्या बाईंना भेटून विचारा.

आणि बाईंना भेटायला मुलालाच पाठवा, तुम्ही जाऊ नका. निबंध द्यायच्या आधी कच्चा मसुदा घेऊन गेलं की बहुतेक शिक्षक आनंदाने बघतात. आपल्या मुलांना वाटतं, अर्धवट लिहिलेलं दाखवलं तर बाई रागावतील. माझी मुलगी पहिल्यांदा गेली तेव्हा दारातूनच परत फिरली होती. दुसऱ्या दिवशी गेली, वीस मिनिटं बसली, आणि पुढच्या निबंधावर 'सो व्हॉट?' एकदाच होतं.