आखूड केसांच्या कुत्र्याची कॅल्गरीतली पहिली थंडी

दर ऑक्टोबरात मला इथे, कॅनडातल्या कॅल्गरीत, नव्याने आलेल्या एखाद्या मराठी घरातून फोन येतो. मुलांचे स्नोबूट, स्वतःची जाड जॅकेटं अशी सगळी खरेदी उरकलेली असते. मग शेवटी हळूच विचारलं जातं, "ताई, आमच्या कुत्र्याला खरंच कपडे लागतात का, की ते इथल्या लोकांचं कौतुक आहे?" पुण्याहून, नाशिकहून इतक्या लांब सोबत आणलेलं ते बहुतेक वेळा आपलं गावठी कुत्रं असतं. लागतात. कौतुकाचा त्यात काही संबंध नाही.

आमची चिंगी कोथरूडच्या रस्त्यावर जन्मलेली. इथे आलो त्या पहिल्या डिसेंबरात मी तिला नुसत्या पट्ट्यावर नोज हिल नावाच्या टेकडीवर फिरायला नेलं. वर माळावर वारा होता. दहाव्या मिनिटाला तिने पुढचा पाय उचलला, मग मागचा, आणि मग बर्फातच बसकण मारली. अठरा किलोचं कुत्रं उचलून मी गाडीपर्यंत आले. तिच्या कानांची टोकं हाताला दगडासारखी गार लागत होती. त्या दिवशी तिला इजा झाली नाही, पण तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते मी विसरलेली नाही. हे तुमच्या कुत्र्याच्या वाट्याला येऊ नये, म्हणून लिहिते आहे.

आधी तुमच्या कुत्र्याचे केस नीट पाहा. पाठीवरचे केस बोटांनी उलटे करा. लॅब्रॉडॉर वरून आखूड केसांचा दिसतो, पण आत दाट, मऊ लव असते आणि ती हवा धरून ठेवते. गावठी कुत्र्याला ही लव विरळ असते, पुष्कळदा नसतेच. कारवानी किंवा मुधोळ, ग्रेहाउंड अशा सडपातळ शिकारी कुत्र्यांच्या अंगावर तर चरबीही फारशी नसते. पोट आणि मांड्यांच्या आतली बाजू जवळजवळ उघडी. "हळूहळू सवय होईल" हे निम्मंच खरं आहे. कुत्रं बर्फाला सरावतं, पण जी लव जातीतच नाही ती एका हिवाळ्यात उगवत नाही. पिल्लं आणि म्हातारी कुत्री यांना थंडी आणखी लवकर बाधते.

खरेदीला निघाल्यावर बहुतेक जण आधी जॅकेट बघतात. माझं सांगणं, आधी पायांचं बघा. इथे बर्फ पडायचा थांबला की 24 तासांत घरासमोरचा फुटपाथ साफ करावा लागतो, तसा शहराचा नियमच आहे. साहजिकच बर्फ वितळावा म्हणून लोक मीठ टाकतात, आणि इमारतींच्या वाटांवर, दुकानांच्या पार्किंगमध्ये तर ते मुठींनी पसरलेलं असतं. त्याचे खडे बोटांच्या बेचक्यात अडकतात, तळव्याला चिरा पडतात, त्या झोंबतात. घरी येऊन कुत्रं पाय चाटतं आणि ते मीठ पोटात जातं. म्हणून बूट. नाहीच जमले, तर तळव्यांना लावायचं मेण मिळतं. मशर्स सीक्रेट नावाचा डबा पाळीव प्राण्यांच्या कुठल्याही दुकानात दिसेल. मेणाने मीठ आणि बर्फाचे गोळे दूर राहतात, ऊब मात्र येत नाही. फुग्यासारखे पातळ रबरी बूट मिळतात त्यांचंही तसंच. मिठासाठी उत्तम, कडक थंडीला अपुरे.

बुटाचं माप घेताना कुत्र्याला कागदावर उभं करा आणि दुसरा पंजा उचलून धरा, म्हणजे भार पडून पंजा पसरेल. मग पेन्सिलने रेघ ओढा. पुढचे पंजे मागच्यांपेक्षा बहुधा रुंद असतात, तेव्हा चारही बूट एकाच मापाचे बसतीलच असं नाही. घट्ट बूट न घातल्यापेक्षाही वाईट. रक्त पोचलं नाही की बोटं आणखी लवकर गारठतात. पट्टा आवळल्यावर तुमचं एक बोट आत सरकायला हवं. पंजाच्या वर आतल्या बाजूला असतं ते अंगठ्याचं नख घासलं जातंय का, तेही पाहा.

आणि बूट आणले त्याच दिवशी बाहेर पडू नका. पहिल्यांदा घातले की कुत्रं पाय झटकत, उंच उंच टाकत चालतं, बिचारं घाबरून जातं. ऑक्टोबरातच घरात सुरुवात करा. आधी दोनच बूट, दोन मिनिटं, हातात चिकनचा तुकडा. मग चारही, मग जिन्यापर्यंत. चिंगीला सरावायला तीन आठवडे लागले. बर्फ पडल्यावर घाई केलीत तर ती झटापट रोज दारात होईल.

आता अंगावरचं. दुकानात टांगलेली निम्मीअधिक जॅकेटं म्हणजे पोळ्याला बैलावर घालतो तशी झूल असते. पाठ झाकलेली, खाली दोन पट्टे, पोट उघडं. दाट केसांच्या कुत्र्याला ती चालते. आपल्या कुत्र्याचं पोट हीच सर्वांत उघडी जागा, आणि ते बर्फापासून वीतभरच वर असतं. म्हणून छाती आणि पोट खालून झाकणारं, गळा वरपर्यंत घेणारं जॅकेट शोधा. नर असेल तर खालचा भाग लघवीच्या जागेच्या आधी संपला पाहिजे. नाही तर कापड भिजतं, गोठतं आणि आत जखम होते.

तीन मापं घ्या: मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ, मानेचा घेर, आणि पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर. दुकानदार वजन विचारतील. वजनावर जाऊ नका, छातीवर जा. आमच्या ओळखीच्या एका लातूरच्या कुटुंबाचा कारवानी आहे. छाती खोल, कंबर मुठीएवढी. वजनाच्या तक्त्यावरून मागवलेलं जॅकेट छातीत दाटलं आणि कंबरेशी लोंबलं, वारा सरळ आत. शेवटी खास ग्रेहाउंडसाठी शिवलेलं घेतलं आणि ते नेमकं बसलं. तुमचं कुत्रं तशा बांध्याचं असेल तर पहिल्यापासून तेच शोधा.

कॅल्गरीत एक जाड जॅकेट घेऊन भागत नाही, आणि हे नव्या माणसाला कुणी सांगत नाही. इथे चिनूक येतो. रॉकी पर्वत ओलांडून खाली उतरणारा कोरडा, उबदार वारा. पश्चिमेला ढगांची लांब कमान दिसली की समजायचं. सकाळी उणे 20 असतं आणि दुपारी पारा शून्याच्या वर जातो, रस्त्यावर चिखल-पाणी. रात्री तेच पाणी गोठून काच. जाड जॅकेटात कुत्रं दुपारी धापा टाकतं, आतून ओलं होतं आणि संध्याकाळी त्याच ओलाव्याने कुडकुडतं. म्हणून दोन पातळ थर घ्या. आत अंगाला बिलगणारा फ्लीसचा, म्हणजे मऊ कृत्रिम लोकरी कापडाचा, वर वारा आणि पाणी अडवणारं पातळ कवच. चिनूकच्या दिवशी नुसतं कवच, कोरड्या थंडीत दोन्ही. पुण्याहून आणलेले सुती टी-शर्ट आणि हुडी घरात घाला, बाहेर नको. सुती कापड भिजलं की लवकर वाळत नाही आणि अंगाची ऊब ओढून घेतं.

जॅकेट निवडताना ते कशाने बंद होतं ते बघा. वेल्क्रोत बर्फ भरला की तो धरत नाही. चेनीत पोटाचं कातडं सापडू शकतं, आतून कापडाची पट्टी शिवलेली असेल तरच चेन घ्या. मला बक्कल सगळ्यांत बरं वाटतं, हातमोजे न काढता लागतं. हार्नेस आतून घालणार असाल तर पाठीवर पट्ट्यासाठी भोक हवं. चकाकणारी पट्टी हवीच. डिसेंबरात इथे सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. नोकरी करणाऱ्या माणसाच्या दोन्ही फेऱ्या अंधारात होतात. आणखी एक: तीन महिन्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याला शहराचा परवाना लागतो, त्याचा बिल्ला गळ्यात असतो. उंच गळ्याच्या जॅकेटात तो झाकला जातो. गळपट्टा वरून घाला.

कानांसाठी लोकरीची नळी मिळते, आपल्या कानटोपीसारखी, डोक्यावरून मानेपर्यंत येणारी. गावठी कुत्र्याचे कान उभे आणि पातळ, त्यामुळे हिमदंश तिथेच आधी होतो. शेपटीचं टोकही तसंच.

अमुक तापमानाला अमुक कपडे असा नियम मी देत नाही. चिंगीपुरतं सांगते. 5 अंशांच्या वर ती उघडीच फिरते. शून्याच्या आसपास वारा किंवा ओल असेल तर कवच. उणे 5 च्या खाली दोन्ही थर आणि बूट. उणे 15 च्या खाली कानटोपीही, आणि फेरी पंधरा मिनिटांची. उणे 25 च्या खाली फिरणं नाही, मागच्या अंगणात बर्फ खरडून केलेल्या चौकोनात दोन मिनिटं, बस. अंदाज बघताना वाऱ्यासह जाणवणारं तापमान बघा. उणे 20 ला ताशी 30 किलोमीटर वारा असेल तर ते उणे 33 सारखं लागतं. 13 जानेवारी 2024 ला पारा उणे 35 च्याही खाली होता आणि वीज जपून वापरा असा सरकारी इशारा संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर वाजला. त्या दिवसांत चिंगी घरातच चटईवर वास हुंगत खाऊ शोधायचा खेळ खेळली. तिचं काही बिघडलं नाही.

पाऱ्याइतकंच कुत्र्याकडेही बघा. पाय आळीपाळीने उचलणं, पाठ कमानीसारखी करणं, शेपूट आत घेणं, थांबून घराकडे तोंड वळवणं, यांतलं एक दिसलं तरी परत फिरा. कुडकुडणं म्हणजे ते आधीच गारठलं आहे. आणि कुडकुडणारं कुत्रं गरम न होताच एकदम शांत, सुस्त झालं तर ते धोक्याचं. कोरड्या टॉवेलात गुंडाळा, गरम पाण्याची पिशवी कापडात लपेटून पोटाशी द्या आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. कानाचं किंवा शेपटीचं टोक पांढुरकं, राखाडी, कडक झालं असेल तर ते चोळू नका, त्यावर बर्फ किंवा हेअर ड्रायर लावू नका. कोमट पाण्याचा ओला कपडा हलकेच टेकवा आणि दाखवून या.

घरी आल्यावर दारातच कोमट पाण्याचं घमेलं आणि जुना टॉवेल ठेवा. पंजे बुडवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. पार्किंगमध्ये गाडीखाली सांडलेलं हिरवं किंवा गुलाबी पाणी दिसलं तर कुत्र्याला तिथून ओढून घ्या. ते इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून घालतात ते अँटीफ्रीझ असू शकतं, चवीला गोड आणि थोडंसंही जीवघेणं. पायाला लागलं असेल तर चाटायच्या आत धुवा. जॅकेट घरात काढून टाका, रोज वाळवा. घरातली हीटरची हवा कोरडी असते, कातडी खाजते, तेव्हा हिवाळ्यात आंघोळी कमी करा.

पैशांचं म्हणाल तर चांगलं जॅकेट 50 ते 100 डॉलरच्या दरम्यान पडतं. अल्बर्टात त्यावर 5 टक्के जीएसटीच लागतो, प्रांताचा वेगळा कर नाही. पेटस्मार्ट, पेट व्हॅलू या पाळीव प्राण्यांच्या दुकानांत घालून बघता येतं, म्हणून कुत्र्याला सोबत न्या. विनर्स या सवलतीच्या दुकानात तेच स्वस्तात सापडतं, पण मापं तुटक असतात. किजिजी या जाहिरातींच्या वेबसाइटवर जुनी जॅकेटं भरपूर मिळतात, कारण लोकांची पिल्लं वाढतात. पहिला हिवाळा तंगीचा असेल तर जॅकेट जुनं घ्या आणि पैसे बुटांवर घाला. मोठी मापं डिसेंबरात संपतात, तेव्हा ऑक्टोबर सोडू नका.

आणि पुण्यात आजी विणायला तयार असतील तर त्यांना नाही म्हणू नका. लोकरी स्वेटर कवचाखाली फ्लीसइतकाच उबदार. त्यांना ही तीन मापं कळवा, छातीत दोन बोटं सैल ठेवायला सांगा, पोटाचा भाग पाठीपेक्षा आखूड, पुढच्या पायांची भोकं मोठी, आणि बटणं नकोत, कुत्रं ती चावून गिळतं. उरलेल्या लोकरीत कानटोपी होते. दिवाळीच्या फराळाच्या पार्सलात ते घालायला सांगा, म्हणजे खरी थंडी पडायच्या आत हातात येईल.