पाड्यावरची शाळा बंद होणार असेल तर पालकांनी काय करावे

पटसंख्या विसाच्या खाली गेली म्हणून सातपुड्यातील पाड्यावरची जिल्हा परिषद शाळा दुसरीकडे जोडण्याची चर्चा सुरू झाली, की प्रथम नव्या शाळेचे अंतर मुलांच्या पायवाटेने मोजावे. शिक्षणहक्क कायदा, २००९ अन्वये राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरची मर्यादा आहे. नकाशावर विसंबू नये, कारण नाल्याला पूर आला की वळसा पडतो आणि बहुधा आधी मुलींचीच शाळा सुटते. आईवडील ऊसतोडीला गेल्यावर धाकट्यांना कोण पोहोचवणार, हेही निवेदनात लिहावे. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. तिचा आणि ग्रामसभेचा ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्यावी. वाहनाचे आश्वासन मिळाल्यास (ते हमखास मिळते) लेखीच मागावे.