आर्म६४ लिनक्स कर्नलमध्ये प्रोसेसरची नेमकी आवृत्ती कशी ओळखावी

चिपमधल्या चुकीवरचा उपाय कर्नलने लावायचा की नाही, हे 'कॉर्टेक्स-ए५३' एवढ्या नावावरून ठरत नाही. एकाच नावाच्या कोअरच्या (प्रोसेसरमधल्या सूचना चालवणाऱ्या भागाच्या) अनेक आवृत्त्या वापरात असतात आणि चूक त्यातल्या काहींतच असते. म्हणून आधी एमआयडीआर हे ओळख-रजिस्टर वाचा; कोअरची ओळख सांगणारा आकडा त्यात असतो.

रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकावर त्यात हेक्समध्ये (१६ च्या पायात) ४१०एफडी०३४ मिळतं. डावीकडून फोडत चला. ४१ म्हणजे आर्म कंपनी, ० हा व्हेरिअंट, एफ म्हणजे आर्किटेक्चरचा तपशील इतर ओळख-रजिस्टरांत पाहा, डी०३ म्हणजे कॉर्टेक्स-ए५३ आणि शेवटचा ४ म्हणजे रिव्हिजन. आर्मच्या कागदपत्रांत हीच आवृत्ती 'आर०पी४' अशी लिहितात. इथे हमखास गोंधळ होतो, कारण 'आर'चा आकडा रजिस्टरच्या व्हेरिअंटमध्ये असतो आणि 'पी'चा रिव्हिजनमध्ये.

अख्खा आकडा '==' लावून तपासू नका; पुढची आवृत्ती आली की तपासणी निकामी होते. नुसती रिव्हिजनही पाहू नका. आर१पी० ही आर०पी४ पेक्षा नवी, पण रिव्हिजन ० असल्यामुळे ती जुनी ठरेल. व्हेरिअंट आणि रिव्हिजन जोडीनेच तपासा. त्यासाठी कर्नलच्या एराटा कोडमध्ये (चिपमधल्या चुकांवरचे उपाय असलेल्या भागात) मॉडेल आणि 'इथपासून इथपर्यंत' अशी मर्यादा घेणारे मॅक्रो, म्हणजे कोडचे आयते तुकडे, तयार आहेत, तेच वापरा.

तरीही एक पायरी उरते. ए५३ ची ८४३४१९ क्रमांकाची चूक घ्या: एडीआरपी ही पत्ता काढणारी सूचना मेमरीच्या ४ केबीच्या पानाच्या अगदी शेवटी आली आणि पुढे ठरावीक क्रमाने मेमरीच्या सूचना आल्या, तर पत्ता चुकू शकतो. ही चूक आर०पी० ते आर०पी४ मध्ये आहे. पण आर०पी४ वर आरईव्हीआयडीआर या दुसऱ्या रजिस्टरचं ८ क्रमांकाचं बिट १ असेल, तर ती सिलिकॉनमध्येच दुरुस्त झालेली असते. एमआयडीआर मात्र तसाच राहतो. हे बिट न पाहता उपाय लावला तर त्याचा भार विनाकारण सोसावा लागतो.

वाचन प्रत्येक कोअरवर वेगळं करा. आरके३३९९ या चिपमध्ये चार ए५३ आणि दोन ए७२ आहेत, तेव्हा एका कोअरचं उत्तर सगळ्यांना लावणं चूक. वाचताना प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून दुसरं सुरू करणं) बंद ठेवा, नाहीतर काम मध्येच दुसऱ्या कोअरवर जाईल आणि दोन रजिस्टरं दोन वेगळ्या कोअरची निघतील.

पडताळणीसाठी सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेत) प्रत्येक सीपीयूखाली दोन्ही रजिस्टरांच्या फाइली आहेत. ही पडताळणी प्रत्यक्ष मशीनवरच करा. व्हर्च्युअल मशीनमध्ये दिसणारा आकडा हायपरवायझरने (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) ठरवलेला असू शकतो.