नवी मॅच एअर रायफल: पहिले सहा आठवडे

पेटी उघडल्यावर मी आधी रायफल उचलली नाही. झाकणाच्या कप्प्यात एक छोटं पुठ्ठ्याचं कार्ड होतं, ते हातात घेतलं. कारखान्यात नळी शिकंज्यात पक्की बसवून 10 मीटरवरून एकापाठोपाठ एक पाच पेलेट (शिशाच्या छोट्या गोळ्या) झाडले होते, आणि कार्डावर भोक मात्र एकच होतं, पेलेटपेक्षा जेमतेम मोठं. ते कार्ड मी माझ्या सरावाच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलं. पुढच्या सहा आठवड्यांत जेव्हा जेव्हा मला रायफलमध्ये काहीतरी गडबड आहे असं वाटलं, तेव्हा वही उघडताच ते भोक समोर यायचं.

ही नोंद मी अशा नेमबाजांसाठी लिहिते आहे, जे एक-दोन वर्षं क्लबच्या रायफलवर सराव करून आता स्वतःची वरच्या दर्जाची रायफल घेणार आहेत किंवा नुकतीच घेतली आहे. फाइनवर्कबाऊ, वाल्थर, श्टायर, अन्शुट्झ ही नावं तुम्ही ऐकलेलीच असतील. यांतली कोणती चांगली, या वादात मी पडणार नाही. या पातळीवर सगळ्यांच्या नळ्या तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी सरस नेम धरतात. एकाच कंपनीच्या सर्वांत वरच्या आणि त्याखालच्या मॉडेलमध्ये अनेकदा नळी आणि व्हॉल्व्ह सारखेच असतात, फरक असतो तो दस्त्याच्या, म्हणजे खांदा, गाल आणि हात टेकतात त्या भागाच्या, ॲडजस्टमेंटमध्ये. तो फरक मात्र मोठा आहे, आणि त्याबद्दलच मला जास्त सांगायचं आहे.

पहिल्या दिवशी मी एकही शॉट मारला नाही. मॅन्युअल वाचलं आणि सिलिंडर पाहिला. या रायफलींत नळीखालच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबापर्यंत हवा भरतात. तिथून ती रेग्युलेटरमधून कमी आणि ठरावीक दाबाने एका लहानशा कोठीत येते. ट्रिगर दाबला की हातोडी व्हॉल्व्हवर आपटते आणि दर वेळी तेवढीच मोजून हवा पेलेटमागे सुटते. पहिला शॉट आणि साठावा शॉट एकाच वेगाने जातो तो या रेग्युलेटरमुळे. सिलिंडरवर त्याच्या मुदतीची तारीख कोरलेली असते, ती वहीत लिहून ठेवा. मुदत संपलेला सिलिंडर सामन्यात न आणणं ही नेमबाजाचीच जबाबदारी आहे. भरायची ती फक्त कोरडी, स्वच्छ हवा, तीही सावकाश, कारण घाईने भरली की सिलिंडर तापतो आणि गार झाल्यावर काटा खाली येतो. ऑक्सिजन कधीही भरू नका. इतक्या दाबाखाली ऑक्सिजनचा तेल-ग्रीसच्या अंशाशी संबंध आला तर स्फोट होऊ शकतो. उन्हात तापणाऱ्या गाडीतही सिलिंडर ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी रेंजवर गेले. क्लबची जुनी रायफल बाजूच्या लिव्हरने हवा दाबणारी होती. प्रत्येक शॉटआधी तो लिव्हर पूर्ण ओढून आणायचा, म्हणजे सायटर (गुण न धरले जाणारे सुरुवातीचे शॉट) धरून एका सामन्यात ऐंशी-नव्वद वेळा. चाळिसाव्या शॉटनंतर माझा उजवा खांदा बोलू लागायचा. नव्या रायफलीचा कॉकिंग लिव्हर दोन बोटांनी मागे येतो. पेलेट ठेवला, लिव्हर पुढे केला, रायफल उचलली, आणि पहिला शॉट सुटला तेव्हा मला क्षणभर कळलंच नाही की तो सुटला आहे. आवाज एका कोरड्या टिचकीएवढा. नळी जागची हलली नाही. आतला छोटा वजनी दट्ट्या हवेच्या झटक्याच्या उलट दिशेने सरकतो आणि उरलासुरला धक्काही गिळून टाकतो.

हीच या रायफलीची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची ओळख. जुन्या रायफलीत शॉट सुटताना जी हलकी उडी यायची, तिच्याआड माझी चूक लपून जायची. इथे नेम धरायच्या समोरच्या रिंगमध्ये टार्गेटचा काळा गोल कुठे होता, ते शॉट सुटल्यावरही स्वच्छ दिसत राहतं. पहिल्या दहा शॉट्समध्येच मला दिसलं की ट्रिगर दाबता दाबता मी रायफल किंचित उजवीकडे ढकलते. दोन वर्षं माझे प्रशिक्षक, सर, हेच सांगत होते आणि दोन वर्षं मी त्यांना म्हणत होते, ‘सर, रायफलच झटका देते.’

म्हणून पहिल्या आठवड्यात स्कोअर लावू नका. स्क्रीन बंद करा किंवा कोणाला तरी बघायला सांगा. शॉट सुटला की तो कुठे गेला असेल ते आधी मोठ्याने म्हणा, उदाहरणार्थ, ‘डावीकडे, जरा खाली, साडेनऊ’, आणि मग पडताळा. तुमचं म्हणणं आणि टार्गेटवरचं भोक जुळायला लागलं, की रायफलीशी तुमची ओळख झाली असं समजा. पेलेट साधारण सेकंदाला 170 मीटर वेगाने जातो, म्हणजे 10 मीटरला सुमारे 6 शतांश सेकंद लागतात. .22च्या काडतुसाच्या मानाने हा वेग जवळपास निम्मा आहे. पेलेट नळीत असेपर्यंत तुम्ही जे काही कराल ते टार्गेटवर उमटतं, त्यामुळे शॉटनंतर दोन-तीन सेकंद तसंच स्थिर राहायची सवय याच दिवसांत पक्की करून घ्या.

ट्रिगरबद्दल मी एक चूक केली. क्लबच्या रायफलीचा ट्रिगर जड होता आणि नव्याचा कारखान्यातून येतानाच जेमतेम 80 ग्रॅमवर ठेवलेला होता. एअर रायफलला ट्रिगरच्या वजनाची किमान मर्यादा नाही, म्हणून मी हौसेने तो आणखी हलका केला. त्या संध्याकाळी तीन शॉट मी मारायचं ठरवण्याआधीच सुटले. नळी टार्गेटच्या दिशेने होती म्हणून त्यातून काही वाईट घडलं नाही, पण नंतर बराच वेळ माझा हात थरथरत होता. सरांनी ट्रिगर 120 ग्रॅमपर्यंत जड करायला लावला आणि दर आठवड्याला थोडा थोडा खाली आणला. हा ट्रिगर दोन टप्प्यांत दबतो. पहिला टप्पा जरा लांब आणि ठळक ठेवा. भिंतीला बोट टेकल्यासारखा दुसरा टप्पा लागला पाहिजे, आणि शॉटनंतर ट्रिगर जास्त मागे जाणार नाही असा थांबा लावा. पेलेट न घालता ड्राय फायरची सोय या रायफलींत असते, ट्रिगरची सवय त्यावरच करायची. तेव्हाही नळी सुरक्षित दिशेलाच हवी, आणि रायफल खाली ठेवली की नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण म्हणून घालायची रंगीत दोरी) हवाच.

आता दस्ता. अॅल्युमिनियमच्या दस्त्यावर इतके स्क्रू आणि इतक्या मोजपट्ट्या असतात की हात शिवशिवतात. मी पहिल्या दिवशी घरी साध्या कपड्यांत सगळं मनासारखं बसवलं, आणि रेंजवर जॅकेट घातल्यावर काहीच जुळेना. शूटिंगचं जॅकेट जाड आणि ताठ असतं, त्याने खांद्यापासूनचं अंतर बदलतं, कोपराची जागा बदलते. जॅकेट, पँट, बूट सगळं घालूनच रायफल बसवायची, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर एक अख्खा रविवार वाचला असता.

सुरुवात पायांपासून करा. रायफल न घेता उभे राहा, डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर टेकवा (डावखुऱ्यांनी सगळं उलट धरावं) आणि मूठ किंवा तळवा जिथे सहज येतो तिथे रायफलचा खालचा ठोकळा आला पाहिजे. तुमची कंबर आणि हात यांच्यामधली उंची त्या ठोकळ्याने भरून काढायची असते. रायफल वर येत नाही म्हणून खांदा उचलू लागलात, तर पंधरा मिनिटांत मान आखडलीच. मग बट प्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग. ती उंचीला अशी बसवा की डोकं सरळ राहील आणि रायफल डोळ्यांपर्यंत येईल. मान वाकवून डोकं रायफलकडे न्यायचं नाही. दस्त्याची लांबी ठरवताना डावा हात जबरदस्तीने ताणला जातो का ते पाहा. मला लांबी 1 सेंटिमीटर कमी केल्यावर श्वास मोकळा झाला.

चीक पीससाठी, म्हणजे गाल टेकवायच्या भागासाठी, एक साधी परीक्षा आहे. डोळे मिटून, गाल नेहमीच्या वजनाने टेकवा, मग डोळे उघडा. मागच्या डायॉप्टरच्या (डोळ्याजवळच्या, बारीक भोकाच्या साइटच्या) भोकात पुढच्या साइटचं वर्तुळ बरोबर मधोमध दिसलं पाहिजे. ते शोधायला डोकं जराही हलवावं लागलं, तर चीक पीस हलवा. पुढच्या साइटमधली रिंग निवडताना नवशिके नेहमी फार लहान घेतात. टार्गेटचा काळा भाग 30.5 मिलीमीटरचा असतो आणि त्याच्याभोवती पांढरी कड ठसठशीत दिसायला हवी. कड अगदी बारीक असली की काळा गोल सतत रिंगला घासतोय असं वाटतं, डोळा दमतो आणि बोट अडून बसतं. 4 मिलीमीटरच्या आसपास सुरुवात करून दोन्हीकडे बदलून पाहा.

वजनं सर्वांत शेवटी. साइटसकट 5.5 किलोपर्यंत मुभा आहे, म्हणून तितकी न्यायलाच हवी असं नाही. पुढे वजन वाढवलं की नळी शांत होते, पण त्याची किंमत पाठीचा खालचा भाग मोजतो. मी दोन वजनं लावली होती, एक काढलं.

आणि एका दिवशी एकच गोष्ट बदला. हे वाक्य मी वहीत तीनदा लिहिलं आहे, कारण तिसऱ्या आठवड्यात माझे शॉट खाली आणि डावीकडे जाऊ लागले. दर सिरीजमध्ये (दहा शॉट्सच्या गटात) थोडे थोडे, चाळिसाव्या शॉटपर्यंत 9.8, 9.6. मी डायॉप्टरचे क्लिक फिरवले, पेलेटचा डबा बदलला, रेग्युलेटरचीही शंका घेतली. वही उघडली तर ते एकच भोक समोर. मग सरांनी न बोलता चीक पीसच्या मोजपट्टीवर बोट ठेवलं. स्क्रू मी पुरता आवळला नव्हता, आणि गालाच्या भाराने चीक पीस शॉटगणिक केसभर खाली सरकत होता. त्या दिवसापासून प्रत्येक मोजपट्टीवर मी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली आहे, आणि सरावाआधी सगळ्या रेघा पाहून घेते.

पेलेटची गोष्ट थोडक्यात. डब्यावर पेलेटच्या डोक्याचं माप मिलीमीटरमध्ये, 4.49, 4.50 असं लिहिलेलं असतं. प्रत्येक नळीला वेगळं माप आवडतं, आणि ते शिकंज्यात बांधून मारल्याशिवाय कळत नाही. हाताने मारून पेलेटची परीक्षा करू नका, तुम्ही स्वतःच त्या ग्रुपपेक्षा जास्त हलता. पेलेटचा घागरा (मागची पसरट कड) दबलेला दिसला तर तो टाकून द्या. शिसं असतं, म्हणून सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाला बोट लावू नका.

आता स्कोअर, कारण शेवटी सगळे तेच विचारतात. दहाचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा आणि नऊचं वर्तुळ 5.5 मिलीमीटरचं. 2013 पासून पात्रता फेरीतही गुण दशांशात मोजतात, त्यामुळे जेमतेम दहा आणि मधोमध दहा यांत 0.9चा फरक पडतो. जुन्या रायफलीवर माझी 60 शॉट्सची सरासरी 604च्या आसपास होती. नव्यावरचा पहिला पूर्ण सामना 598वर आला. तेव्हा मी रात्रभर विचार करत होते की इतके पैसे वाया गेले. तुमचाही स्कोअर पडेल. शरीराने जुन्या रायफलीसाठी शिकलेल्या बारीक बारीक तडजोडी इथे आडव्या येतात, आणि त्या सुटायला आठवडे लागतात. महत्त्वाचा सामना महिन्याभरात असेल, तर जुन्याच रायफलीने खेळा. चौथ्या आठवड्यात माझे 605 झाले, सहाव्यात 611. त्यातला आनंदाचा भाग हा की शेवटच्या सिरीजमध्ये 9.7 गेला, तो मी शॉट सुटतानाच ‘उजवीकडे’ म्हणून सांगितला होता, आणि तो उजवीकडेच होता.

पुढच्या महिन्यात नळी शिकंज्यात लावून तीन मापांचे पेलेट तपासणार आहे. कार्डाशेजारी जागा ठेवली आहे.